नऊ वेळा एकशे सत्तर

पुणे, १२ जानेवारी २०२५

ती. मोठे बाबांस,
सा. नमस्कार.

तुमची अट पाळते आहे. "फोनवर माणूस हो-हो करून मोकळा होतो, कागदावर खोटं लिहिताना हात अडतो," असं म्हणून रिंकूच्या तब्येतीचं सगळं पत्रातूनच कळवायचं तुम्ही ठरवलंत. तेव्हा मला हसू आलं होतं. आता तुमच्या हातच्या कागदाचीच गरज पडली आहे.

चार वर्षं आठवड्यातले तीन दिवस मी घरून काम करत होते. दिवाळीनंतर ते बंद झालं. रोज ऑफिस, रोज स्कूटरवर येऊन-जाऊन तीन तास, आणि सकाळी पुढे उभी रिंकू, शाळेत सोडायला. नोव्हेंबरात दोनदा तिचा श्वास असा अडकला की दवाखान्यात वाफारा द्यावा लागला. डॉक्टर म्हणाले, काही महिने तरी हिला या धुरातून बाहेर काढा. म्हणून काळजावर दगड ठेवून लेक तुमच्याकडे नाचणगावला ठेवली. तुमच्या जावयाचं, अंकुशचं, काम कारखान्यातलं, मशीन काही घरी नेता येत नाही. पण माझं काम काय? चौकाचौकांतल्या कॅमेऱ्यांची चित्रं बघायची आणि कोणत्या तासाला किती गाड्या गेल्या ते काढायचं. शेजारच्या रकान्यात हवेतल्या धुळीचा आकडा असतो. हे नाचणगावच्या ओसरीवर बसूनही होतं. गाड्यांमुळे हवा किती बिघडते याचा अहवाल लिहायला मी रोज त्याच गाड्यांत एक गाडी वाढवते.

साहेबांना हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "तुझ्या एका स्कूटरने काय फरक पडतो?"

एक वाट आहे. अडचणीत असलेल्यांना कायम घरून काम द्यायचं की नाही, हे एक समिती ठरवते. २८ फेब्रुवारीपर्यंत अर्ज, ४ मार्चला निर्णय. अर्जाला पुरावा लागतो. रिंकूसोबत दिलेली फुंकायची नळी आहे ना, रोज सकाळी जोरात फुंकलं की तिच्यावरचा काटा आकडा दाखवतो? आकडा जितका मोठा तितका श्वास मोकळा. इथे ती एकशे वीसच्या वर जात नव्हती. तिथे आकडा चढला असेल तर मला लेकीजवळ येता येईल. रोजचा आकडा वहीत लिहा आणि दर पंधरा दिवसांनी पान पाठवा.

माझं सगळं त्या पानावर आहे.

तुमची,
आकांक्षा

---

नाचणगाव, २० जानेवारी

चि. आकांक्षास,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या साहेबांचं वाक्य वाचलं आणि चहा तसाच ठेवून हे पत्र घेतलं. एका स्कूटरने काय होतं? मग एका मताने काय होतं? चिमूटभर मिठाने काय झालं होतं, हे त्यांना कुणी शिकवलं नाही का? छत्तीस वर्षं वर्गात उभा राहिलो. एक गोष्ट पक्की कळली. जगातला कोणताही मोठा अन्याय कुणा एका राक्षसाने केलेला नसतो. तो हजार सभ्य माणसांनी मिळून केलेला असतो आणि त्यातला प्रत्येक जण म्हणत असतो, माझ्या एकट्याने काय होतं. तुझं शहर या एका वाक्यात गुदमरून राहिलं आहे. लाखभर माणसं रोज सकाळी एकाच रस्त्यावर ओतायची, कशासाठी, तर साहेबाला खुर्चीत डोकं दिसावं म्हणून. त्या डोक्याखालची फुप्फुसं मोजायला त्याच्याकडे रकाना नाही.

आता रिंकू. नळीला तुझी मोठी आई 'फुंकणी' म्हणते आणि पोरगी रोज सकाळी ओसरीवर उभी राहून ती फुंकते. पान जोडलं आहे. पहिल्या दिवशी एकशे तीस होता, काल एकशे पासष्ट. मध्ये एक दिवस एकशे चाळीसवर उतरला, तोही लिहिला आहे. जे आहे ते आहे.

सव्वीस जानेवारीला शाळेत माझं भाषण ठेवलं आहे. विषय मीच निवडला: 'आपली हवा'. तुझी मोठी आई जवळ बसली आहे आणि लिहा म्हणते, म्हणून जसंच्या तसं लिहितो:

"आकांक्षा, यायच्या (म्हणजे माझ्या) भाषणाचं मनावर नको घेऊ. यायचं भाषण आयकून बैल बी खाली बसते. पोरगी चांगली आहे. रोज दोन भाकरी खाते. राती तुझी आठवण काढते, पण रडत नाई. तू काऊन इतकी वाळून राह्यली? फोनमंदी दिसते मले. लवकर येजो."

तुझा,
मोठे बाबा

---

पुणे, २ फेब्रुवारी

ती. मोठे बाबांस,
सा. नमस्कार.

पान मिळालं. तीनदा वाचलं. एकशे चाळीसचा तो दिवस तुम्ही लपवला नाहीत, म्हणूनच बाकीच्या आकड्यांवर माझा विश्वास बसला. आमच्या कामात हेच शिकवतात.

तुमच्या भाषणाची ध्वनिफीत तुमच्या गावच्या कैलासने पाठवली. "ही हवा कोणत्याच बाजारात विकत मिळत नाही, आणि आपण ती फुकट मिळते म्हणून तिची किंमत करत नाही." ते मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून ऐकलं.

इकडे एक गोष्ट घडली. आमच्या रस्त्यावरच्या दोन मोठ्या कचेऱ्या अजूनही बुधवारी लोकांना घरी बसू देतात. मी आठ आठवड्यांची मोजणी वारांप्रमाणे मांडली. दर बुधवारी सकाळी गाड्या कमी आणि धुळीचा आकडाही खाली. मंगळवार उंच, बुधवार खड्डा, गुरुवार पुन्हा उंच. लहान मूलही बोट ठेवून सांगेल. साहेब तक्ता बघून म्हणाले, "वारा असेल." मी आठही बुधवारांचा वारा काढून दाखवला. तर म्हणाले, "सध्या हे पान बाजूला ठेव." आपण आपल्या माणसांना रोज बोलावतो आणि आपलाच तक्ता सांगतो की बोलावू नका, हे त्यांना झेपलं नाही.

समितीत तेच साहेब बसणार आहेत. म्हणून अर्जात एकही आकडा कच्चा असून चालणार नाही. पुढचं पान पंधरा तारखेला टाकाच. मोठ्या आईला सांगा, मला काही झालेलं नाही. घसा जरा धरला आहे, बाकी ठीक.

तुमची,
आकांक्षा

---

नाचणगाव, १५ फेब्रुवारी

चि. आकांक्षास,
आशीर्वाद.

पान जोडलं आहे. रिंकू ठीक आहे. मध्ये चार दिवस फोन लागला नाही, कारण तो तुझ्या मोठ्या आईच्या हातून पाण्याच्या टाक्यात पडला. आता दुरुस्त झाला. काल तू बोललीसच रिंकूशी.

अर्ज नीट भर. काळजी करू नकोस.

मोठे बाबा

---

पुणे, १९ फेब्रुवारी
(स्पीड पोस्टाने)

मोठे बाबा,

नमस्कार राहू द्या. आधी हे वाचा.

१ ते ६ फेब्रुवारी: १६०, १७०, १६५, १७०, १६०, १६५. हा श्वास आहे. तो असाच चालतो, थोडा वर, थोडा खाली.

७ ते १५ फेब्रुवारी: १७०, १७०, १७०, १७०, १७०, १७०, १७०, १७०, १७०.

मोठे बाबा, माणसाचा श्वास सरळ रेघेत चालत नाही. दिवसभर मी हेच करते. एखाद्या चौकातून सलग तीन तास सारखेच आकडे आले तर मला कळतं की कॅमेरा बंद आहे आणि कुणीतरी खुर्चीत बसून रकाने भरले आहेत. आधीच्या सहा ओळी वेगवेगळ्या सकाळी लिहिलेल्या आहेत. एके ठिकाणी शाई फिकी, एके ठिकाणी चहाचा डाग. या नऊ ओळी एका बैठकीत लिहिल्या आहेत. पेन तेच, दाब तोच.

पत्रही तुमचं वाटत नाही. तुम्ही सहा ओळींत कधी बोलला आहात? मोठ्या आईचा निरोप कुठे आहे?

आणि रिंकू. फोनवर विचारलं, बाळा, फुंकणी फुंकतेस ना? ती लगेच म्हणाली, "एकशे सत्तर." मी न विचारताच. मग मोबाईल आजीकडे देऊन पळाली. सहा वर्षांचं लेकरू आकडा पाठ करत नाही. त्याच्याकडून तो करून घ्यावा लागतो.

मी फोन करणार नाही. फोनवर तुम्ही मला बोलून हरवाल. ज्या कागदावर खोटं लिहिताना हात अडतो म्हणाला होतात, त्याच कागदावर लिहा. काय झालं?

आकांक्षा

---

नाचणगाव, २३ फेब्रुवारी
(कैलासच्या हस्ते)

चि. आकांक्षास,

आशीर्वाद द्यायचा अधिकार आज मला वाटत नाही.

कैलास आज गाडीने पुण्याला निघाला आहे, त्याच्याजवळ हे देतो. पोस्टाचे तीन दिवस वाचतील. रिंकू सुखरूप आहे. हे वाक्य आधी वाच, मग पुढचं.

आपल्या शेतात चार एकर पऱ्हाटी उभी होती. कापूस वेचून झाला, वाळकी झाडं उरली, बोंडअळी त्यांत राहू नये म्हणून शेत मोकळं करायचं होतं. पऱ्हाटी उभ्या उभ्या बारीक करून मातीत मिसळणारं यंत्र गावात एकच आहे. माझा जुना विद्यार्थी गुलाब म्हणाला, "सर, यंत्र वीस तारखेले येते. थांबा नं." मी थांबलो नाही. आजवर प्रत्येक साली पेटवली, यंदाही पेटवू. शेजारच्या सगळ्यांनी पेटवलीच होती.

सहा तारखेला सकाळी दहा वाजता मी काडी ओढली. आणि आकांक्षा, ती ओढताना मी जे मनात म्हणालो ते तुला शब्दशः सांगतो, कारण तुला ते ठाऊक आहे. मी म्हणालो, माझ्या एकट्याच्या चार एकरांनी काय होतं?

रिंकू माझ्यासोबत होती. तिला शेत बघायचं होतं. दूर बाभळीखाली बसवली होती. तिथे धूर येणार नाही असा माझा अंदाज होता. अर्ध्या तासात वारा फिरला. ती घाबरली, आणि घाबरलेलं लेकरू काय करतं? आपल्या माणसाकडे धावतं. ती धुरातून माझ्याकडे धावत आली. मी आगीच्या त्या बाजूला उभा होतो.

उचलली तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. गुलाबच्या मोटरसायकलवर पुलगावला नेली. तीन दिवस दवाखान्यात होती. तुझी मोठी आई तिच्या उशाशी बसून होती आणि तीन दिवस माझ्याशी एक शब्द बोलली नाही. चौथ्या दिवशी घरी आलो तेव्हा उंबऱ्यात म्हणाली, "गावाले हवा शिकवून राह्यले होते. आपल्याच नातीले धूर पाजला." मग पुन्हा गप्प. फोन टाक्यात पडला नव्हता. मी तो बंद करून कपाटात ठेवला होता. तिला निरोप विचारला, तर म्हणाली, "खोट्या कागदावर माह्यं नाव नको."

पंधरा तारखेला पान पाठवायचं होतं. खरे आकडे लिहिले तर तुझा अर्ज पडला असता. हे मी स्वतःला सांगितलं. पण अर्धं कारण तू नव्हतीस. तीनच आठवड्यांआधी मी साऱ्या गावासमोर उभं राहून हवेवर बोललो होतो. मला त्या भाषणाची लाज राखायची होती. म्हणून नऊ ओळी एकदम लिहिल्या. हात अडला नाही. हीच गोष्ट मला आता झोपू देत नाही.

आणि रिंकूला मी सांगितलं, आईला सांगितलंस तर आई रडेल. एकशे सत्तर म्हण. छत्तीस वर्षं मुलांना खरं बोलायला शिकवलं आणि घरच्या लेकराला मी हे शिकवलं.

खरे आकडे हे. ७, ८, ९: दवाखान्यात, नळी फुंकली नाही. १० ला ८५. ११ ला ९०. मग १०५, ११०, १२५, १३०. आज १५०. पुलगावच्या डॉक्टरांचा कागद जोडला आहे. अर्जाला कोणतं पान लावायचं ते तू ठरव. मी तुझी वाट तोडली असेन, तर ते मला शेवटपर्यंत वाहावं लागेल.

रूपराव

---

पुणे, ५ मार्च

मोठे बाबा,

तुमचं पत्र कैलासने स्टेशनवर दिलं. मी तिथेच बाकावर बसून वाचलं. मग स्कूटर घेऊन घरी निघाले आणि वाटेत बाजूला थांबावं लागलं, कारण समोरचं दिसेना. नऊ दिवस मी तुम्हाला लिहू शकले नाही. मनात जे येत होतं ते कागदावर उतरलं असतं तर आपल्यात पुन्हा पत्र गेलं नसतं.

एकच सांगते. तिला धूर लागला, ते मी एक दिवस विसरेन. वारा फिरतो. पण आई रडेल म्हणून खोटं बोल, हे तुम्ही तिला शिकवलंत, ते विसरायला मला फार वर्षं लागतील.

अर्जाला मी खरं पान लावलं. दवाखान्याचे तीन रिकामे दिवस, ८५, ९०, सगळं. अंकुश म्हणाला, वेडी आहेस का. मी म्हणाले, नऊ वेळा एकशे सत्तर लिहून मला लेक मिळाली, तर तिच्याकडे मी कोणत्या तोंडाने जाऊ?

काल समितीसमोर उभी होते. साहेबांनी पान उचललं आणि अपेक्षेप्रमाणेच म्हणाले, "म्हणजे गावातही धूर आहेच. मग तिकडे जाऊन उपयोग काय?"

मला तुमची फार आठवण आली, मोठे बाबा. रागही होता, आणि तरी आठवण आली. मी म्हणाले, "सर, तिथल्या धुराला नाव आहे. काडी कुणी ओढली ते मला ठाऊक आहे, तो माणूस माझ्या घरचा आहे, आणि मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहू शकते. इथला धूर कुणाचाच नाही. चौकातला प्रत्येक जण म्हणतो, माझ्या एकाने काय होतं. तिथे मी धूर थांबवू शकते. इथे मी फक्त मोजू शकते." मग बुधवारचा तक्ता समोर ठेवला. बाजूला ठेवायला सांगितलेलं तेच पान.

समितीत एक वयस्कर बाई होत्या. त्यांनी तो तक्ता हातात घेतला आणि साहेबांना विचारलं, "हा आम्ही आधी का नाही पाहिला?" 

आज सकाळी कळलं. सहा महिन्यांसाठी मंजूर. दर महिन्याला रिंकूचे आकडे आणि डॉक्टरांचा कागद पाठवायचा. आकडा खाली गेला तरी पाठवायचा. पुढचं सहा महिन्यांनी बघू म्हणाले. तक्ता अहवालात जाणार की नाही, ते अजून कुणी सांगत नाही.

२० तारखेला पोचते. अंकुश सध्या इथेच राहील. तोवर वहीला तुम्ही हात लावायचा नाही. आल्यावर मी लिहीन.

आणि खोटं तुम्ही एकट्यानेच लिहिलं असं नाही. घसा धरला आहे असं मी लिहिलं होतं. जानेवारीपासून मीही रिंकूसारखंच पंपातून दम्याचं औषध ओढते आहे. मोठ्या आईला फोनमध्ये बरोबर दिसलं होतं.

आकांक्षा

---

नाचणगाव, १२ मार्च

चि. आकांक्षास,

तुझं पत्र तुझ्या मोठ्या आईला वाचून दाखवलं. औषधाचं आलं तिथे तिने मला थांबवलं आणि ती ओळ पुन्हा वाचायला लावली. तिचा निरोप:

"आकांक्षा, माय, मी अंगण सारवून ठेवतो. चूल मागच्या बाजूले नेली. तू फक्त येजो. यायच्यासंग बोलून राह्यली मी आता, पण कामापुरतं."

परवा ग्रामपंचायतीत सभा होती. मी उभा राहिलो. लोक सरसावून बसले, त्यांना वाटलं आता तासभर गेला. मी फक्त काय केलं ते सांगितलं. काडी, वारा, दवाखाना, नऊ खोट्या ओळी. पाच मिनिटंही लागली नाहीत. मागून कुणीतरी म्हणालं, "सर, सव्वीस जानेवारीले तं लय गोड हवा होती आपली." हशा झाला. मी उत्तर दिलं नाही. पूर्वी दिलं असतं.

पुढच्या हंगामात पऱ्हाटी पेटवणार नाही म्हणून सात जणांनी यंत्रासाठी नाव लिहून दिलं. बाकीच्यांनी नाही दिलं. काल कालव्याच्या बाजूला धूर दिसत होता. मी तिकडे चालत गेलो. त्या माणसाशी बोललो. त्याने ऐकलं नाही. परत आलो. उद्या पुन्हा जाईन.

वहीला मी हात लावलेला नाही. पण दिवस रिकामे जाऊ नयेत म्हणून तुझ्या मोठ्या आईने एक व्यवस्था केली आहे. रिंकू सकाळी फुंकते, काटा स्वतः वाचते आणि स्वतःच लिहिते. आज एकशे पंचावन्न. परवा एकशे पंचेचाळीस होता, तोही तिने लिहिला. मी समोर बसून असतो.

तिचा पाच उलटा येतो. मी दुरुस्त करत नाही.

तुझा,
मोठे बाबा